कपोताची गोष्ट कोणाला सांगावी?

अवधूताने यदुराजाला सांगितलेले चोवीस गुरू आपण दत्तजयंतीच्या सप्ताहात दरवर्षी ऐकतो. त्यांतला एक कपोत, म्हणजे कबुतर. पिले पारध्याच्या जाळ्यात सापडली, मागोमाग त्यांची आई गेली आणि दुःख न सोसून कबुतरानेही जाळ्यात उडी घेतली. तात्पर्य, अति आसक्ती नको. तात्पर्य खरेच आहे. पण कर्तव्यावर गेलेल्या पोलिसाच्या घरी बसून ते सांगावे काय?

माझे स्पष्ट मत, सांगू नये. अवधूताने ही गोष्ट राजाला सांगितली, तीही राजाने विचारल्यावर. जाळ्याजवळ जाऊन कबुतराला नाही सांगितली. आपण मात्र समाचाराला जातो आणि चहा यायच्या आत "देह नाशिवंत आहे, ताई" सुरू करतो. "त्यांनी देशासाठी प्राण दिले, रडायचं नाही" हेही तसलेच. रडायचे नाही हे ठरवणारे आपण कोण?

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात राखीव पोलीस दलाचे दहा जवान पडले, त्यांची ही आठवण. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले. दोन दिवस आपण हळहळलो. त्या घरांतला तिसरा दिवस कसा गेला असेल?

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अशोक कामटे गेले. त्यांच्या पत्नी विनीताताईंनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या, पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना सांत्वनापेक्षा उत्तर हवे होते. प्रत्येक घराला काय हवे ते वेगळे असते, म्हणून आधी विचारावे. नको म्हणाले तर मुकाट्याने परत यावे.

सरकार मदत देते, कुटुंब निवृत्तिवेतन असते, अनुकंपा नोकरी असते. मग आपले काय काम, असे कोणी म्हणेल. पण हे सगळे कागदावरून चालते, आणि रांगेत कोणीतरी उभे राहावे लागते. मी बँकेत काउंटरवर आयुष्य काढले. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर नॉमिनी आईच राहिलेली असते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे घेणारा विश्वस्त. एवढे वेळेवर न कळल्याने सासू-सुनेत कायमचा अबोला येतो. पगार खात्यावर अपघात विमा आहे का, दाव्याची मुदत काय, हे त्या आठवड्यात घरच्यांना सुचतच नाही. आपल्यातल्या निवृत्त लोकांना हे काम जमते. त्यात फोटो निघत नाही, एवढेच.

पुण्यातली काही मंडळे दिवाळीचा फराळ घेऊन गडचिरोलीला पोलिसांकडे जातात. चांगलेच आहे. पण भाऊबीजेनंतर शाळेची फी येते, मग पाऊस, मग गळके छप्पर.

आपल्या पेठांतून गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सात घरे, सात वार, कोणा एकावर भार नाही. मधमाशीला गुरू केले ते थोडे थोडे घेण्यासाठीच ना? तसे देताही येईल. गुरुवारच्या आरतीनंतर सात घरे पुढे आली, तर शहरातल्या अशा एका कुटुंबाचा आठवडा भरतो. कागदपत्रांसाठी मी एक वार घेतो. गुरुवार सोडून कुठलाही द्यावा, गुरुवारी मंदिरात माझी सेवा असते.