आपली वाट बदलणारा प्रकाश

दिवाळीच्या सुमारास दारव्ह्याकडच्या एखाद्या शेतात जा. पऱ्हाटीच्या फुटलेल्या बोंडातून कापसाचा एकच तंतू सोडवा आणि उजेडाकडे धरा. जाडी फार तर पंधरा-वीस मायक्रॉन. आता लेसरचा तीस फेम्टोसेकंदांचा स्पंद मनात आणा. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. तीस फेम्टोसेकंदांत प्रकाश नऊ मायक्रॉन पुढे सरकतो. म्हणजे हा अख्खा स्पंद त्या तंतूच्या जाडीहूनही आखूड.

घाई नको. तंतू हातातच असू द्या.

साधा उजेड काचेतून जातो, तेव्हा काच होती तशीच राहते. या स्पंदाची तीव्रता मात्र अशी, की तो असेपर्यंत काचेचा वक्रीभवनांक वाढतो, म्हणजे तिच्यातून प्रकाश हळू जातो. मध्यभागी तीव्रता जास्त, म्हणून तिथला प्रकाश मागे रेंगाळतो, कडा पुढे जातात आणि झोत आत वळतो. भिंग कोणी ठेवलेलं नसतं, ते प्रकाशानेच घडवलेलं असतं. हवेतही हेच घडतं, फक्त त्यासाठी काही गिगावॅट शक्ती लागते. झोत आवळत जातो, तीव्रता वाढते, रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून प्लाझ्मा तयार होतो आणि तोच झोताला पुन्हा फाकवतो. आवळणं आणि फाकणं यांच्या ओढाताणीतून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी बारीक प्रकाशरेषा कित्येक मीटर टिकते. मला यातलं हेच सर्वांत सुंदर वाटतं. इथे मन थोडं रेंगाळू द्या.

रंगही बदलतो. स्पंद येताना वक्रीभवनांक चढतो, जाताना उतरतो. त्यामुळे पुढची बाजू तांबडी होत जाते, मागची निळी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आदित्य धर्माधिकारी, दीपक माथूर आणि सहकाऱ्यांनी बेरियम फ्लोराइडच्या स्फटिकात डोळ्याला जेमतेम दिसणारा अवरक्त स्पंद सोडून भरघोस पांढरा प्रकाश मिळवला. 2004 साली ते प्रसिद्ध झालं.

आता तंतू सोडून द्या आणि आभाळाकडे बघा. 2021 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या सेंटिस शिखरावर, पिकोसेकंदांच्या लेसर स्पंदांनी हवेत आखलेल्या अशाच वाटेवरून वीज सुमारे पन्नास मीटर गेली. ते एका मनोऱ्यापाशी, एका भल्यामोठ्या यंत्राने साधलं. आपल्या शेतावर असं यंत्र नाही. परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला, की वेचणी तशीच टाका, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.