गतिरोधकापाशी



भाषांतराच्या बैठकीसाठी मी बंगळुरूला गेलो असता, ज्या घरी उतरलो होतो तेथील तरुण मुलाकडे एक निराळीच सायकल पाहिली. तिला फ्रीव्हील नाही. मागचे दातेरी चक्र चाकाला घट्ट जखडलेले. चाक फिरते तोवर साखळी फिरते, आणि साखळीबरोबर पायडल. आपल्या नेहमीच्या सायकलीवर उतारावर पाय स्वस्थ ठेवून बसता येते, तशी सोय येथे नाही. 1900च्या सुमारास फ्रीव्हील रुळले, त्यापूर्वी बहुतेक सायकली अशाच असत. व्हेलोड्रोमच्या शर्यतींत आजही हीच सायकल असते, आणि तीही ब्रेकशिवाय. रस्त्यावर मात्र पुढचा ब्रेक हवाच, असे त्या मुलाने मला बजावले. पन्नाशी उलटलेल्या पाहुण्याला त्याने ती चालवू दिली, यात त्याचे सौजन्य अधिक की माझा अविचार, हे आपणच ठरवा.

रस्ता मोकळा होता तोवर सारे ठीक चालले. मग गतिरोधक आला. चाळीस वर्षांच्या सवयीने मी दोन्ही पाय आखडून स्थिर केले. चाक काही थांबले नाही. पायडलने माझा पाय वर उचलला आणि मी रस्त्यावर पडलो. गुडघा आणि तळहात दोन्ही सोलले.

मुलाने मला उठवले आणि मग शिकवले. गतिरोधकावर पोचल्यावर करण्यासारखे फारसे उरत नाही. जे करायचे ते अलीकडेच. पायांनी पायडलला उलटा रेटा द्यायचा, ब्रेक हलके दाबायचा आणि वेग उतरवायचा. पुढचे चाक उंचवट्याला लागताना दोन्ही पायडल समपातळीत येतील अशी फेरी जुळवायची. त्या क्षणी सीटवरून किंचित उठायचे, गुडघे व कोपर सैल सोडायचे. पाय मात्र फिरतेच. खड्डा दिसला तर नजर खड्ड्यावर खिळू द्यायची नाही, बाजूच्या मोकळ्या जागेवर ठेवायची, कारण जिकडे नजर तिकडे चाक. वळणावर फार कलायचे नाही. आतले पायडल खाली येऊन जमिनीला घासते, आणि ते वर धरून ठेवण्याची मुभा आपल्याला नसते.

रात्री गुडघ्याला हळद लावून बसलो असता रोमकरांस पत्र 14:13 आठवले. तेथे पौल दोन शब्द शेजारी शेजारी योजतो. ‘प्रोस्कोम्मा’ म्हणजे वाटेत पायाला लागते ते, ठेच. ‘स्कान्दालोन’ या शब्दाचा मूळ संबंध सापळ्याशी आहे. मराठीत दोहोंतला भेद राखताना आम्हा भाषांतरकारांची नेहमीच तारांबळ होते. मला वाटले, गतिरोधक ही केवळ ठेच होती. सापळा माझ्याच पायांच्या सवयीत होता.

आणि ही सवय सायकलपुरती नव्हती. 2011 साली माझी पत्नी सहा महिने अंथरुणाला खिळली होती. त्या काळात घरची सायंप्रार्थना मी बंद केली. देवाला नाकारले असे नव्हे. दवाखाना, औषधे, मुलांच्या परीक्षा... ती बरी झाली की पुन्हा आरंभ करू, एवढेच मनाशी म्हटले. दिवसा मी पवित्र शास्त्राच्या ओळी तासून घेत असे, आणि संध्याकाळी मुलांवर खेकसत असे. हे दोन्ही एकाच माणसाचे दिवस आहेत, हे मला बराच काळ दिसलेच नाही.

एके रात्री तिने हळूच विचारले, “अहो, माझ्यामुळे घरातली प्रार्थना बंद पडली का?”

भावाच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे पौल सांगतो. मी ती ठेवली होती एका आजारी स्त्रीच्या उशाशी, आणि तिला ती स्वतःचा दोष वाटत होती. मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. मुलांना उठवून बोलावले. प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो, पण रोजच्या भाकरीपाशी माझा आवाज अडला. पुढची प्रार्थना तिने पडल्या पडल्या पूर्ण केली.

निघण्याच्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या रस्त्यावर गेलो. या खेपेस मी त्या सायकलीवर होतो आणि मुलगा त्याच्या वडिलांच्या साध्या सायकलीवर पुढे होता. खड्डा आला की तो मागे वळून न पाहता एक हात खाली करी आणि बोटाने ती जागा मला दाखवी.