मोर्चा पांगल्यावर

परभणी जिल्ह्यातलं मानवत हे गाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं ते एका हत्याकांडामुळे. 1972 ते 1974 या काळात गुप्तधनाच्या लालसेपायी तिथे मुली आणि बायका मारल्या गेल्या. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींनी त्यावर लिहिलं, 2024 मध्ये वेब मालिकाही आली. आरोपींची नावं आजही लोकांना आठवतात. त्या मुलींच्या आयांचं पुढे काय झालं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

खून झालेल्या घराला शोक करायलाही उसंत मिळत नाही. शवविच्छेदन, पंचनामा, जबाब. मृताचा मोबाइल आणि मोटारसायकल मुद्देमाल म्हणून जमा. सातबाऱ्यावर वारस लावायचे, बँकेत खेटे घालायचे, मुलांची फी भरायची आणि तारखेला मजुरी बुडवून कोर्टात जायचं. तिथे आरोपीचे नातेवाईक समोरच उभे असतात. साक्षीदार फुटतात. जिंतूर किंवा पालमच्या विधवेला अपिलासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ गाठायचं, तर अख्खा दिवस मोडतो.

कायद्याने या घराची दखल घेतली आहे. मृताचे वारसही पीडित ठरतात. आरोपी सुटला तर 2009 च्या अखेरीपासून त्यांना अपिलाचा हक्क आहे. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवावं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत म्हटलं आहे. पण दुःखाने खचलेल्या माणसाला हे सांगणार कोण आणि अर्ज भरून देणार कोण?

सरकारी रकमेने हा प्रश्न सुटत नाही. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा मृत्यू झाला. सरकारने जाहीर केलेली दहा लाखांची मदत त्यांच्या आईने नाकारली. त्यांना न्याय हवा होता. पुढे उच्च न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोष कुणाचा, हे न्यायालय ठरवेल. पण त्या नकाराचा अर्थ समाजाने ओळखायला हवा. ज्या यंत्रणेशी झगडायचं, तिच्याच हातून आलेला पैसा तोंड बंद करण्याची किंमत वाटू शकतो. म्हणून या घरांमागे उभी राहणारी एक संस्था हवी, आणि ती लोकांच्या वर्गणीवर चालणारी, कुणाचीही मिंधी नसलेली हवी.

अशी संस्था उभारणं आपल्या आवाक्याबाहेरचं नाही. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ‘स्नेहवन’ उभं करणारे अशोक देशमाने परभणी जिल्ह्यातलेच. अमेरिकेत 1978 मध्ये मुलगी गमावलेल्या एका दांपत्यानेच खून झालेल्यांच्या आईवडिलांची संघटना सुरू केली. परभणीत तारखेला सोबत येणारा एक कार्यकर्ता, कागद वाचणारा एक वकील, मुलांशी बोलणारा एक समुपदेशक आणि शिक्षणाचा एक निधी, एवढ्यावरही सुरुवात होईल.

अट एकच असावी: मृताची जात, धर्म, पक्ष किंवा चारित्र्य विचारायचं नाही. आपले मोर्चे बहुधा आपल्या माणसासाठी निघतात. ज्याच्यासाठी मोर्चा निघतच नाही, त्याची लेकरंही तितकीच पोरकी होतात. मोर्चे निघावेत, त्यांच्याशिवाय कित्येकदा गुन्हासुद्धा नोंदवला जात नाही. पण खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि तेवढीच वर्षं टिकणारी वर्गणी व माणसं या घरांना देणं, हे आपलं कर्तव्य आहे.