भिंतीवरची जागा

परसवाड्याच्या आमच्या जुन्या घरात ओसरीवर बालगंधर्वांचे एक छापील चित्र होते. भरजरी शालू, नाकात नथ, नजर किंचित खाली. आईने ते नागपूरच्या माहेराहून आणले होते. पाहुण्याने "या कोण?" असे विचारले की आई कौतुकाने सांगे, "या नव्हेत, हे! नारायणराव राजहंस." पाहुणा थक्क होई.

त्याच चित्राखाली एका लग्नाचा समूह-फोटो टांगलेला होता. त्यातली एक आकृती कात्रीने कापलेली. ते माणूस आमच्याच नात्यातले. जन्माला आले ते मुलगा म्हणून, जगू पाहत होते बाई म्हणून. काजळ घातले तेव्हा घर हसले, साडी नेसले तेव्हा हात उगारला गेला, आणि एके पहाटे ते माणूस गोंदियाची बस धरून निघून गेले. वर शालूतल्या पुरुषाला आम्ही हार घालत होतो आणि खाली साडीतल्या माणसाची जागा रिकामी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे पुष्कळ वर्षे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

बालगंधर्वांची (१८८८–१९६७) थोरवी निर्विवाद आहे. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू त्यांनी अशा उभ्या केल्या, की घरंदाज स्त्रिया त्यांचे नेसणे आणि केशभूषा उचलू लागल्या. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले. त्यासाठी चित्रकार गोपाळ देऊसकरांनी त्यांची दोन तैलचित्रे रंगवली, एक पुरुषवेषातले आणि दुसरे स्त्रीवेषातले. एकाच माणसाची ही दोन रूपे, आणि त्यांतले एक खरे व दुसरे खोटे असे रंगांनी कुठेही म्हटलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, "अहो, ती कला! नारायणराव वेष उतरवून घरी जात." खरे आहे. त्यांच्या आयुष्यावर नसते अर्थ लादण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण मग आपले म्हणणे एवढेच उरते, की रंग पुसता येतो तोवर टाळ्या, आणि ज्याला तो पुसायचाच नाही त्याला दार बंद. आमच्या शेजारच्या छत्तीसगडात 'नाचा'तल्या पुरुष 'परी'वर रात्रभर पैसे ओवाळले जातात, झाडीपट्टीच्या दंडारीत लुगडे नेसलेल्या पुरुषाला दाद मिळते. आपल्याला बाईपण धारण केलेला पुरुष चालतो, पण ते उसने असेल तरच. ही कलेची कदर म्हणायची की आपल्या सोयीची?

नाटकाला पडदा असतो, व्यक्तिचित्राला नसतो. चित्रासाठी बसणारा माणूस सांगत असतो, मी असा आहे, नीट पाहा. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात हिशेबनिसी करीत रंगवणाऱ्या भूपेन खख्खरांनी (१९३४–२००३) हे धाडस केले. पुरुषावरचे आपले प्रेम त्यांनी लपवले नाही. १९८१ साली त्यांनी 'यू कान्ट प्लीज ऑल' हे चित्र काढले. त्यात सज्जात उभा असलेला एक विवस्त्र पुरुष खाली चाललेली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट पाहतो आहे. सगळ्यांना खूश करू गेलेल्यांच्या हाती काय उरते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. बंगळूरात २०१६ पासून 'अरवाणी आर्ट प्रोजेक्ट'मध्ये तृतीयपंथी स्त्रिया शहराच्या भिंती रंगवीत आल्या आहेत. ज्यांना घराच्या भिंतीवर जागा नव्हती, त्या शहराच्या भिंतीवर आल्या.

कायदाही पुढे सरकला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली, २०१८ मध्ये समलिंगी प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. आपल्याच मध्य प्रदेशातल्या सोहागपूरने शबनम मौसींना विधानसभेत धाडले होते. पण न्यायालय ओसरीवर फोटो लावायला येत नाही. ते काम घरच्यांचे.

आपण दुभाषी जिल्ह्यातली माणसे. "तुम्ही नक्की कुठले, मराठी की हिंदी?" हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर टोचत आला आहे. घरी 'मी जाते', बाजारात 'मैं जाती हूँ'. दोन्हीकडे तोंड उघडताच बाई की पुरुष हे सांगावे लागते. छत्तीसगडीत ते लागत नाही, तिथे क्रियापद लिंगाने बदलत नाही. आणि आपल्या मराठीतही 'ते मूल' आहेच. एका रकान्यात न मावणे म्हणजे खोटे असणे नव्हे, हे आपल्याला नाही कळणार तर कोणाला?

आईच्या तेराव्याला ती आली. आता मी 'ती'च म्हणते. कापलेल्या फोटोसमोर ती क्षणभर थांबली, मग वर बालगंधर्वांकडे पाहून म्हणाली, "मामी यांना रोज नमस्कार करायच्या, नाही का?" कात्री कोणी चालवली, हे तिने विचारले नाही. आईने मागितली तेव्हा ती कात्री मीच आणून दिली होती, आणि एक शब्दही बोलले नव्हते.

जाताना तिचा फोटो मागितला, मोठा करून लावण्यासाठी. ती म्हणाली, "साडीतला देईन. चालेल?"

मी हो म्हटले. हे उत्तर तिला फार उशिरा मिळाले.