जुने कपाट आणि ‘तेच’पणाचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत पुणे परिसरातील घरांसाठी घडवलेली सागवानी कपाटे बाजारात येतात तेव्हा ती खरोखर त्या काळची आहेत का आणि त्यांचे मोल किती, असे दोन प्रश्न विचारले जातात. यांतला पहिला कारागिरीचा आणि दुसरा व्यापाराचा वाटला, तरी दोहोंच्या तळाशी भारतीय दर्शनांनी दीर्घकाळ हाताळलेला प्रश्न आहे: अवयव बदलत गेले तरी अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अखंड वस्तू, तीच राहते का? कायदा येथे फारसा कामी येत नाही, कारण पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या अधिनियमाप्रमाणे असे लाकूडकाम पुरावस्तू ठरण्यास किमान १०० वर्षे लोटावी लागतात.

ओळखीच्या खुणा दर्शनी भागावर क्वचितच सापडतात. खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला, की हाताने कापलेल्या सांध्यांचे किंचित कमीजास्त दात, तळाच्या फळीवर रंध्याने उमटलेल्या उथळ लाटा आणि पॉलिश न लागल्यामुळे नुसत्या हवेने काळवंडलेले लाकूड दिसते. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हाऐवजी एकच सरळ खाच असते. लाखेचे जुने पॉलिश स्पिरिटने विरघळते, तर नंतरचे मेलामाइन विरघळत नाही.

मुठा नदीच्या काठी या प्रश्नाची कठोर परीक्षा झाली. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने मुठेवरील खडकवासला धरणही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. सांध्यांतला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेला डिंक, पाण्यात सुटतो. सागवानाचा गाभा पुष्कळसे सोसतो, पण पाठीमागच्या प्लायवुडचे पापुद्रे निघतात. अशा पाण्यातून निघालेले कपाट नव्या सरसाने जोडले आणि त्याची पाठ बदलली, तर ते १९६१पूर्वीचे म्हणावे का?

बौद्धांचे उत्तर सरळ आहे. ‘मिलिंदपञ्हा’तील नागसेनाने रथाविषयी जे दाखवले, त्यानुसार कपाट हे फळ्या आणि बिजागऱ्या यांच्या जुळणीला दिलेले केवळ नाव ठरते. नैयायिक अवयवी सत्य मानतात आणि त्यासाठी एक लक्षणीय युक्तिवाद करतात: एक भाग धरून ओढला असता संपूर्ण वस्तू ओढली जाते. यावर न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातच शंका येते, की लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही एकत्र ओढले जाते, पण तेवढ्याने त्यांची एक वस्तू होत नाही. सरसाच्या भरवशावर उभ्या असलेल्या कपाटाला ही शंका फारच जवळून लागू पडते. त्यातही वैशेषिकांच्या मते एक अवयव गेला, की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, म्हणजे नेमक्या याच मुद्द्यावर अवयवी मानणारेही जुन्या कपाटाला वाचवत नाहीत.

मोलाच्या प्रश्नाला सर्वांत उपयोगी पडतो तो जैन विचार, जो प्रत्येक वस्तूत टिकणारे द्रव्य आणि पालटणारे पर्याय, म्हणजे अवस्था, दोन्ही मानतो. समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त सोन्याच्या घटाचा मुकुट करण्याचे उदाहरण दिले आहे: ज्याला घट हवा त्याला शोक होतो, ज्याला मुकुट हवा त्याला आनंद होतो आणि ज्याला सोनेच हवे तो उदासीन राहतो. जुन्या फर्निचरच्या बाजारात ही तिन्ही गिऱ्हाइके भेटतात. पक्क्या सागवानासाठी कपाट मोडणाऱ्याला पाठ बदलल्याचे सोयरसुतक नसते. वापरासाठी घेणाऱ्याला नवी पाठ सोयीचीच वाटते. मात्र ज्याला १९५०च्या दशकाची घडण हवी, त्याचे त्या बदलाने खरोखर काही हरवलेले असते. किंमत तिघांसाठी वेगळी असणे हा बाजाराचा लहरीपणा म्हणता येत नाही. फसवणूक सुरू होते ती तिसऱ्याला दुसऱ्याची वस्तू विकताना. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात नकली माल अस्सल म्हणून खपवण्याला ‘प्रतिरूपकव्यवहार’ असे नाव असून तो असत्याच्या सदरात न घालता अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, अतिचार, म्हणजे दोष, गणला आहे.