असंगाची धार

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक ३

मित्रांनो, पंधरावा अध्याय आपल्यापैकी अनेकांना पाठ असतो. कित्येक घरांत आणि आश्रमांत तो जेवणाआधी म्हणतात. ताट वाढलेलं असतं, वरणाचा वास येत असतो आणि आपण मुळं वर, फांद्या खाली अशा त्या अश्वत्थाबद्दल म्हणत असतो. तिसऱ्या श्लोकात भगवंत सांगतात की या झाडाचं खरं रूप इथे कळत नाही. त्याचा आरंभ दिसत नाही, शेवट दिसत नाही, ते कशावर उभं आहे तेही दिसत नाही. मुळं मात्र खोल गेलेली आहेत. हे झाड तोडायचं आहे, आणि तोडायला शस्त्र एकच आहे, असंग. म्हणजे न चिकटणं.

हा श्लोक वाचताना गेले काही दिवस मला स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आठवतात. हसू नका, सांगतो.

माझा एक मित्र आहे, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. इथे भिवंडीतच एका गोदामात नोकरीला आहे. भिवंडीची गोदामं तुम्हाला ठाऊक नसली तरी तुमची पार्सलं तिथून फिरून आलेली असतात. दिवसभर लोकांच्या इच्छा खोक्यात भरून रवाना करणाऱ्या या मुलाची स्वतःची इच्छा एकच, हाताने घडवलेल्या सुऱ्या. त्याच्याकडे सात आहेत. दोन जपानी, साकाई शहरातल्या. तिथे पातं ठोकणारा वेगळा, धार काढणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा, अशी कामाची पद्धत आहे. तीन आपल्याकडच्या घिसाडी कारागिराकडून घडवून घेतलेल्या, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादातून. दोन जुन्या बाजारात गंजलेल्या सापडल्या आणि त्याने त्या पुन्हा उभ्या केल्या. मुठी तो स्वतः करतो. शिसवीचं लाकूड कापतो, पितळेचे रिवेट ठोकतो, पॉलिश पेपरने घासतो, जवसाचं तेल पाजतो. एका मुठीला त्याचे तीन रविवार जातात.

हा छंद वाईट आहे असं मला कधीच वाटलं नाही. रील बघत अंगठा झिजवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ज्या माणसाला पोलादाला पाणी कसं देतात हे कळतं, त्याला कष्टाची किंमत कळते. तापलेलं पातं बुडवायला क्षणभर उशीर झाला तर धार टिकत नाही, आणि फार कडक झालं तर ते ठिसूळ होऊन तुटतं. हे समजणं हीसुद्धा एक प्रकारची नम्रता आहे.

प्रश्न उभा राहिला तो सप्ताहात. त्याच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग महाप्रसाद. आदल्या रात्री सगळं गाव मंडपात भाजी चिरायला बसतं. भोपळा, बटाटा, कोबी, वांगी यांचे ढीग लागतात. बायका आपापली विळी घेऊन येतात. मंडळातल्या एका काकांनी याला सहज म्हटलं, "तुझ्याकडं चांगल्या सुऱ्या हायेत ना? घेऊन ये सगळ्या. पोरांना लागतील."

रात्री त्याचा मला फोन. "दादा, काय करू? तिथं ताटावर चिरतील, नाहीतर फरशीवर. कुणी भोपळ्यात घालून पिरगाळेल. या सुऱ्यांची धार पातळ असते, टवका उडतो. लिंबाची फोड चिरून तशीच ठेवली तर डाग पडतात, ओली राहिली तर सकाळपर्यंत गंज. नाही म्हटलं तर देवाच्या कामाला नाही म्हटल्यासारखं होतं. ही आसक्ती आहे का माझी?"

असा प्रश्न आला की दोन तयार उत्तरं आपल्या जिभेवर असतात. पहिलं : सगळी माया आहे, देऊन टाक. दुसरं : तुझी वस्तू, तुझे पैसे, तुझी मर्जी. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या उत्तरात वस्तूचा अपमान आहे. कुणीतरी भट्टीपुढे घाम गाळून घडवलेलं पातं फरशीवर आपटू देणं म्हणजे वैराग्य नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. अठराव्या अध्यायात भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. त्यात सात्त्विक त्याग म्हणजे काम सोडणं नाही. काम नीट करायचं आणि त्यातला संग व फळाची ओढ सोडायची. म्हणजे नीटपणा सोडायला गीता कुठेच सांगत नाही. आणि दुसऱ्या उत्तरात तर प्रश्नच नाही. तिथे "माझं" हा शब्द आधीच जिंकलेला आहे.

मग काळजी कुठे संपते आणि आसक्ती कुठे सुरू होते?

मी त्याला विचारलं, "तुला शेवटचा राग कधी आला, या सुऱ्यांवरून?" तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आईवर. तिनं साकाईची सुरी वापरली आणि सिंकमध्ये तशीच ठेवली. मी तिला खूप बोललो. दोन दिवस ती त्या सुऱ्यांकडे बघतच नव्हती."

दुसऱ्या अध्यायातला बासष्टावा श्लोक इथे कामाला येतो. विषयाचं सतत चिंतन केलं की संग जडतो, संगातून कामना आणि कामनेतून क्रोध. आपण ही साखळी नेहमी पहिल्या कडीपासून समजावतो. पण जगताना पहिली कडी दिसत नाही. चिंतन कधी सुरू झालं, संग कधी जडला, काही कळत नाही. दिसतो तो राग. म्हणून मला वाटतं ही साखळी उलटी धरावी. राग आला की त्याचं टोक पकडून मागे मागे जावं. ओल्या सुरीबद्दल हळहळ वाटणं ही काळजी झाली. त्या सुरीसाठी आई लहान वाटू लागली, की समजावं, मूळ इथे रुतलं आहे.

पण मग सगळा संग्रहच वाईट का? इथे मला पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ. जन्म १८९६ चा, गेले १९९० साली. साधारण १९२० पासून त्यांनी रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, दौती, भांडी, वाद्यं, आणि कितीतरी अडकित्ते. अडकित्ता म्हणजे तरी काय, घरातलं सुपारी कातरायचं पातंच. पण कुणा लोहाराने त्याला पोपटाचा आकार दिला, कुणी घोड्याचा, कुणी बाईमाणसाचा. केळकरांनी ते वेचून ठेवले. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि या सगळ्या संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं. पुढे संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत. कुणीही तिकीट काढून जावं आणि बघावं.

त्या काचेमागच्या अडकित्त्याने आता कुणी सुपारी कातरत नाही. तरी तो अडकून पडला आहे असं मला वाटत नाही, कारण तो आता कुणा एकाचा नाही. ज्या बापाचं मूल गेलं त्याने ते दुःख मुठीत धरून ठेवलं नाही, हजारो वस्तूंच्या रूपाने सगळ्यांपुढे मांडलं. जमवताना त्यांना ओढ नसेल का? ओढीशिवाय कुणी इतकी वर्षं जमवत नाही. पण ती ओढ शेवटी दुसऱ्यांपर्यंत पोहोचली.

म्हणजे वस्तू मोकळी होण्याच्या दोन वाटा मला दिसतात. एक, ती वापरात झिजावी. दोन, ती सगळ्यांच्या डोळ्यांसाठी खुली व्हावी. तिसरी जागा असते, आपलं बंद कपाट. तिथे ती झिजतही नाही आणि कुणाला दिसतही नाही. फक्त आपल्याला माहीत असतं की ती आपली आहे. असंगाचं शस्त्र चालवायचं ते या तिसऱ्या जागी.

पहिली वाट आपल्या परंपरेत किती सहज आहे बघा. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. वर्कशॉपमध्ये लेथला, स्टँडवर रिक्षाला, घरात विळीला झेंडू वाहतो. आणि ती विळी कशी असते? मधे झिजून खोलगट झालेली, पाट काळा पडलेला. तिला हळदकुंकू मिळतं ते तिने इतकी वर्षं घर जेवू घातलं म्हणून. सेना महाराजांची कथा तर तुम्हाला माहीतच आहे. ते पूजेत रंगलेले असताना राजाचं बोलावणं आलं, आणि पांडुरंग स्वतः त्यांचं रूप घेऊन, त्यांचीच धोकटी काखेत मारून हजामतीला गेले. देवाला दुसऱ्याचा वस्तरा हातात घ्यायला कमीपणा वाटला नाही, आणि वस्तऱ्यानेही हात कुणाचा ते विचारलं नाही.

आता धारेबद्दल. शंकराचार्यांनी या श्लोकावरच्या भाष्यात एक फार सुंदर गोष्ट सांगितली आहे. असंगाचं हे शस्त्र विवेकाच्या अभ्यासाच्या दगडावर पुन्हा पुन्हा घासून तीक्ष्ण करायचं असतं, असा त्याचा भाव. माझ्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "दादा, बरोबर आहे. धार लावणं म्हणजे काही चिकटवणं नसतं, पोलाद थोडं काढून टाकणं असतं." मी हे भाष्य कितीदा वाचलं असेन, पण हे त्याच्याकडून कळलं. दर वेळी दगडावर पातं थोडं कमी होतं, म्हणूनच ते कापतं. ज्याला सुरी कधीच कमी व्हायला नको, त्याची सुरी एक दिवस बोथट होणारच.

शेवटी काय केलं त्याने? मी त्याला एवढंच म्हटलं, "काळजीला अट असते. ती अट पुरी झाली की काळजी हात सोडते. आसक्तीची अट कधीच पुरी होत नाही. तुझी अट काय आहे ती बघ." त्याने विचार केला. अट होती लाकडी पाट, कोरडं फडकं, आणि भोपळ्याला मोठा कोयता. हे सगळं जमण्यासारखं होतं. तो चार सुऱ्या, पाच पाट आणि धारेचा दगड घेऊन गेला आणि रात्रभर मुलांमध्ये बसला. बोटं कशी आत वळवायची, पातं पिरगाळायचं का नाही, हे दाखवत राहिला. आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, सुरी कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेवावी, समोरच्याने उचलावी. त्याने प्रत्येक सुरी अशीच दिली. मला यात मोठा अर्थ दिसतो. हातातून हातात देताना क्षणभर दोघांनी ती धरलेली असते. खाली ठेवली की मधे एक क्षण असा येतो जेव्हा ती कुणाचीच नसते. दान त्या क्षणात होतं.

सगळं गोड झालं असं नाही. घिसाड्याच्या एका सुरीचा टवका उडालाच. नंतर दोन संध्याकाळी घासून त्याने तो काढला. पातं आता जरा अरुंद आहे. आणि साकाईची एक सुरी त्याने घरीच ठेवली होती. "ही देववली नाही, दादा. हा मोह का?" मी म्हटलं, "असेलही. ती आईला वापरायला दे आणि बघ." सध्या ती ओट्यावर असते. कधी ओली राहते. तो उठतो, पुसतो, जागेवर ठेवतो. काही दिवस बोलत नाही, काही दिवस अजूनही बोलतो. अभ्यास चालू आहे.

आणि एक लक्षात ठेवूया. तिसरा श्लोक झाड तोडण्यावर थांबत नाही, वाक्य चौथ्या श्लोकात पुढे जातं. तोडल्यावर ते पद शोधायचं आहे, जिथून परतणं नाही. तोडणं हे ध्येय नाही, वाट मोकळी करणं आहे. म्हणून वस्तू मोजून "मी किती सोडल्या" असा हिशोब ठेवू नका. तोही एक संग्रहच होतो.

आजचा अभ्यास : घरातली अशी एक वस्तू आठवा जिला दुसऱ्याने हात लावला की तुम्हाला राग येतो. हेडफोन असेल, बाइक असेल, जपमाळही असेल. तिची खरी अट काय आहे ते लिहून काढा. मग ती अट पुरी करून, आज एकदा, ती कुणाच्या तरी समोर खाली ठेवा.

उद्या चौथा श्लोक बघू.

॥ राम कृष्ण हरी ॥