हक्क आणि कृपा

दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की दिल्लीच्या आमच्या कचेरीत एक विषय हमखास निघतो. सरकार धान्य वाटते, पैसे वाटते, आणि त्यामुळे लोक आळशी होतात! परवाही हाच वाद रंगला होता. इतक्यात महागाई भत्ता वाढल्याची वार्ता आली. वाद अर्ध्यावर टाकून आम्ही फरकाची रक्कम किती येईल याचा हिशेब मांडू लागलो. ही वाढ आपणांस परावलंबी करील, अशी शंका एकाच्याही मनास शिवली नाही.

कोणी म्हणेल, भत्ता हा श्रमाचा मोबदला आहे. मान्य. मग श्रमाचेच उदाहरण घेऊ. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ मध्ये कायदा झाला व १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास बेकारी भत्ता! खडी फोडणाऱ्या बाईने कोणाचे उपकार मानावयाचे कारण उरले नाही.

विनाश्रम मिळालेल्याची सवय जडते, ही भीती अगदीच खोटी आहे असे नव्हे. परंतु २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक लाभार्थ्यांस दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते विनामूल्य झाले. तेवढ्यावर महिना निघतो काय, हे आपला डबा भरून देणाऱ्या गृहिणीसच विचारावे. खरा धोका निराळाच आहे. हेच धान्य पुढाऱ्याचे छायाचित्र छापलेल्या पिशवीतून हाती पडले, की हक्काची कृपा होते. कृपा काढून घेता येते. आणि त्या भयानेच मनुष्य मिंधा होतो.

हे पुढाऱ्यांवर ढकलून आम्हांस मोकळे होता येत नाही. गतवर्षी एका वृद्धेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज, नावातील एका अक्षराच्या फरकासाठी, आम्हीच दोनदा परत केला. प्रथम आली तेव्हा ती खुर्ची ओढून बसली होती आणि अर्ज केव्हा निकालात निघेल, असे स्पष्ट विचारीत होती. तिसऱ्या खेपेस ती हात जोडून उभी राहिली. बसा म्हटले तरी बसेना. निवृत्तिवेतनाचा एक पैसाही तोवर तिच्या हाती पडला नव्हता. तिला लाचार केले ते आमच्या मेजाने.